ठेव ठेवण्याआधी बँकेचा अहवाल मागून घ्या

ऑगस्ट-सप्टेंबरात सहकारी बँकांच्या वार्षिक सभा लागतात आणि सभासदांच्या घरी गुळगुळीत कागदावर छापलेला अहवाल येतो. आधी संस्थापकांचा फोटो, मग अध्यक्षांचा, मग ओळीने सगळे संचालक, त्यानंतर श्रद्धांजली, सत्कार, रक्तदान शिबिर. बहुतेक घरांत तो तिथूनच रद्दीत जातो. मी साताऱ्यात राहते. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या तपासणी विभागात नोकरी करून निवृत्त झाले. आमच्या गल्लीत कोणाची एफडी मॅच्युअर झाली की मला विचारणा होते, "काकू, अमुक बँक अर्धा टक्का जास्त देतेय, ठेवू का?" मी हो किंवा नाही म्हणत नाही, अहवाल घेऊन या म्हणते. आणल्यावर त्यात मी काय बघते, कोणत्या क्रमाने बघते आणि का, ते इथे लिहिते.

त्यातलं 'का' महत्त्वाचं आहे. बँकांवरचा जवळजवळ प्रत्येक नियम कुठली तरी बँक बुडाल्यावर आलेला आहे. ती बँक कशी बुडाली हे माहीत असलं की अहवालात कुठे पाणी मुरतंय ते पटकन दिसतं. नाहीतर नुसते टक्के वाचून काही उमजत नाही.

अहवालाच्याही आधी: ही बँक आहे का?

हसू नका. आपल्याकडे पाटीवर मोठ्या अक्षरांत 'अर्बन', 'मल्टिस्टेट', 'क्रेडिट', 'निधी' असं काहीही असतं आणि आत काउंटर, पासबुक, पिग्मी एजंट सगळं बँकेसारखंच असतं. पण पतसंस्था ही बँक नव्हे. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो, तिच्यावर सहकार खात्याची देखरेख असते. मल्टिस्टेट सोसायटी असेल तर केंद्रीय निबंधकांची. आणि मुख्य म्हणजे तिथल्या ठेवीला डीआयसीजीसीचं, म्हणजे ठेव विमा महामंडळाचं, एका रुपयाचंही संरक्षण नाही. नावात 'बँक' लावून बिगरसभासदांकडून ठेवी घेणाऱ्या सोसायट्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर सूचना काढून लोकांना सावध केलं होतं.

सगळ्या पतसंस्था वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. चांगल्या चालवलेल्या कितीतरी मी पाहिल्या आहेत. पण तिथे पैसे ठेवताना आपण सर्वस्वी संचालकांच्या भरवशावर आहोत हे माहीत असू द्या. डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर विमा असलेल्या बँकांची यादी आहे, तीत नाव शोधा. नाव पूर्ण, जसंच्या तसं जुळलं पाहिजे. यादीत नाव नसेल तर या लेखाचा पुढचा भाग त्या संस्थेला लागू नाही.

पाच लाख कुठून आले

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. तीनच वर्षांनी, १९३८ मध्ये, दक्षिणेतली त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक कोसळली, आणि तेव्हा रिझर्व्ह बँकेकडे इतर बँका तपासण्याचे धड अधिकारही नव्हते. ते नीट मिळाले १९४९ च्या कायद्याने. त्या वेळी गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, आपल्या महाडजवळचे, या पदावर बसलेले पहिले भारतीय. परवाना, तपासणी, रोखतेचं किमान प्रमाण, हे सगळं तिथून सुरू होतं.

पण तपासणी आली म्हणून ठेवीदार वाचला असं झालं नाही. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्या राज्यातली ती सगळ्यांत मोठी बँक. त्याच वर्षी लक्ष्मी बँकही गेली. पलाईचं दुखणं रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांना कित्येक वर्षं ठाऊक होतं. सुधारेल, सुधारेल म्हणून वाट पाहिली गेली, आणि शेवटी रिझर्व्ह बँकच ती बंद करायला हायकोर्टात गेली. संसदेत गदारोळ झाला. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, कमजोर बँक जबरदस्तीने दुसरीत विलीन करण्याचा अधिकार. १९५१ साली देशात ५६६ व्यापारी बँका होत्या, साठचं दशक संपेपर्यंत त्या शंभराच्या आत आल्या. आणि दुसरी, ठेव विमा. १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत हमी मिळाली.

ही रक्कम नंतर वाढत गेली: १९६८ ला ५,०००, १९७० ला १०,०००, १९७६ ला २०,०००, १९८० ला ३०,०००, १९९३ ला १ लाख. मग सत्तावीस वर्षं ती तिथेच थांबली. ४ फेब्रुवारी २०२० ला ५ लाख झाली, तीही पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत पैसे अडकलेले ठेवीदार मुंबईत रस्त्यावर उतरल्यानंतर.

आता हिशेब. पाच लाख हे प्रत्येक बँकेमागे, प्रत्येक ठेवीदाराला. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं. एकाच बँकेच्या पोवई नाक्याच्या शाखेत तीन लाख आणि कराडच्या शाखेत तीन लाख ठेवले तर ते सहा लाख धरतात, विमा पाचाचाच. बचत, चालू, रिकरिंग, एफडी सगळ्यांची बेरीज. म्हणून मी लोकांना सव्वाचार-साडेचार लाखांवर थांबायला सांगते, व्याज साठून पाचाच्या वर जायला नको. पाच वर्षांची व्याज साठणारी ठेव असेल तर आणखी कमी.

संयुक्त खात्यांची एक गंमत आहे. नवऱ्याच्या एकट्याच्या नावाने, बायकोच्या एकटीच्या नावाने आणि दोघांच्या नावाने अशी खाती वेगवेगळी धरतात. नावांचा क्रम बदलला, आधी बायको मग नवरा, तर तेही वेगळं धरतात. नियमातच आहे, पळवाट नाही. पण कागदपत्रं नीट हवीत, आणि एवढा खटाटोप एकाच बँकेसाठी करण्यापेक्षा दुसऱ्या बँकेत खातं उघडणं सोपं.

शेअर्सना विमा नाही. कर्ज घेताना बँक तुमच्या कर्जाच्या अडीच किंवा पाच टक्के शेअर्स घ्यायला लावते, ते तुमचं भांडवल आहे, ठेव नव्हे. बँक बुडाली तर ते पहिल्यांदा जातात.

अहवाल मागून उघडा

पुढची पानं बँकेने स्वतःबद्दल लिहिलेली असतात. मागची पानं कायद्याने लिहायला लावलेली असतात. म्हणून शेवटून सुरुवात करा.

प्रथम वैधानिक लेखापरीक्षकांचा अहवाल. तो रटाळ असतो आणि दरवर्षी जवळपास तोच मजकूर असतो, त्यामुळे जे वेगळं आहे ते लगेच डोळ्यांत भरतं. 'च्या अधीन राहून', 'याखेरीज', 'याकडे लक्ष वेधू इच्छितो' असे शब्द आले की तिथे पेन्सिलने खूण करा. सीए बोलायला फार जपतो. त्याने एवढं लिहिलं म्हणजे आत त्याहून जास्त आहे. उलट पुढच्या पानावर ठळक छापलेला 'ऑडिट वर्ग अ' पाहून मी फारशी हुरळत नाही. हा वर्ग असलेल्या बँकांवरही निर्बंध आलेले आहेत.

मग 'प्रकटीकरण' किंवा 'डिस्क्लोजर' नावाचा तक्ता. रिझर्व्ह बँकेने छापायला लावलेला. बरेचदा इंग्रजीत, बारीक टायपात. अख्ख्या अहवालात मला सगळ्यांत आवडणारं पान हेच. त्यातल्या तीन-चार गोष्टींवर मी वेळ घालवते.

भांडवल पर्याप्तता, म्हणजे सीआरएआर. बँकेने दिलेल्या कर्जांच्या जोखमीच्या मानाने तिचा स्वतःचा पैसा किती. १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या लहान बँकांना किमान ९ टक्के लागतो, त्याहून मोठ्यांना १२. मोठ्या बँकांना हा टप्पा गाठायला मुदत दिलेली होती, त्यामुळे मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून बघा: चढतोय की उतरतोय. किमान आकड्याला चिकटून चाललेली बँक मला आवडत नाही.

ढोबळ आणि निव्वळ एनपीए. ९० दिवस हप्ता किंवा व्याज आलं नाही की कर्ज अनुत्पादक. हाही नियम एका अनुभवातून आला. पूर्वी बँका न मिळालेलं व्याजसुद्धा उत्पन्नात धरत आणि त्यावर नफा दाखवत. १९९१ च्या नरसिंहम समितीने ते बंद करायला सांगितलं, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत बऱ्याच बँकांच्या नफ्याचं खरं रूप बाहेर आलं.

काल्पनिक आकडे घेऊन करून दाखवते. बँकेची कर्जं ४०० कोटी. त्यातली ३६ कोटी थकलेली. म्हणजे ढोबळ एनपीए ९ टक्के. त्यासाठी बँकेने २० कोटींची तरतूद बाजूला काढून ठेवली आहे. ३६ मधून २० गेले, १६ उरले. कर्जं ४०० मधून २० वजा, ३८०. सोळा भागिले तीनशे ऐंशी, निव्वळ एनपीए ४.२ टक्के. आर्थिकदृष्ट्या सक्षम आणि सुव्यवस्थापित गणली जाण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घातलेल्या निकषांत हा आकडा ३ च्या आत मागितला होता, शिवाय सीआरएआर किमान पातळीपेक्षा एक टक्का वर, मागच्या चारांपैकी तीन वर्षं नफा, आणि गेल्या वर्षी तोटा नको. ६ च्या वर गेला तर तत्पर सुधारणा कारवाई, म्हणजे पीसीए, मागे लागू शकते. ती १ एप्रिल २०२५ पासून नागरी सहकारी बँकांना लागू झाली, अगदी लहान बँका वगळून.

आता माझी स्वतःची एक पायरी. ते उरलेले १६ कोटी बँकेच्या स्वनिधीशी ताडून बघते. भागभांडवल अधिक खरे राखीव निधी मिळून ४५ कोटी असतील तर सोळा म्हणजे साधारण तिसरा हिस्सा झाला. ते सगळं बुडालं तरी बँक उभी राहील. हेच प्रमाण अर्ध्याच्या वर असेल तर मी ठेव ठेवू नका म्हणते, मग व्याज कितीही असो.

'निव्वळ एनपीए शून्य टक्के' हा फ्लेक्सवर छापायचा आकडा झालाय. तो खोटा असतो असं नाही, नफ्यातून भरपूर तरतूद केली की शून्य येतो, आणि ती चांगलीच गोष्ट. पण त्याच ओळीत ढोबळ एनपीए बघा. शून्याच्या जोडीला ढोबळ दहा-बारा टक्के असेल आणि दरवर्षी वाढत असेल, तर बँक नवीन खड्डे पाडत जुने बुजवते आहे.

नवं-जुनं

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ग्रामीण शाखेत बसलं की हा प्रकार समोर दिसतो. कर्जदार सोसायटीत किंवा सावकाराकडून दोन दिवसांसाठी पैसे उचलतो, जुनं खातं भरतो, आणि एप्रिल उजाडला की तेवढ्याच किंवा थोड्या वाढीव रकमेचं नवं कर्ज त्याच्या नावावर पडतं. याला सगळीकडे 'नवं-जुनं करणं' म्हणतात. पीककर्जाला ते एकवेळ समजू शकतं. पण बिल्डर, कारखानदार, व्यापारी यांच्या खात्यांत हेच चालू असेल तर थकबाकी कागदावर कधीच दिसत नाही.

बाहेरच्याला हे कसं कळावं? पुरतं कळत नाही. पण खुणा असतात. ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला 'येणे व्याज' असतं. कर्जं सहा टक्क्यांनी वाढली आणि येणे व्याज चाळीस टक्क्यांनी वाढलं, तर बँक व्याज लावतेय पण ते येत नाहीये. सहकारी बँकांच्या ताळेबंदात एनपीएवरचं येणे व्याज दोन्ही बाजूंना सारख्याच रकमेने दाखवतात, देण्याच्या बाजूला 'थकीत व्याज तरतूद' अशा नावाने. ती जोडी बाजूला काढा, उरलेलं येणे व्याज बघा.

दुसरी खूण नफ्यात. नफा-तोटा पत्रकाच्या उत्पन्नाच्या बाजूला 'इतर उत्पन्न' फोडून बघा. इमारत विकून, रोखे विकून किंवा 'जादा तरतूद परत घेऊन' आलेला नफा एकदाच येतो. सगळा नफा त्यातलाच असेल तर बँकेचा रोजचा धंदा तोट्यात आहे. आणि तरीही लाभांश दहा टक्के जाहीर झाला असेल तर समजा संचालकांना निवडणूक दिसतेय.

तिसरी, त्याच डिस्क्लोजरमध्ये 'तफावत' अशी नोंद असते. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत बँकेने दाखवलेल्यापेक्षा ठरावीक मर्यादेहून जास्त एनपीए निघाले तर ते छापावं लागतं. आमच्या विभागात आम्ही सगळ्यांत आधी हेच बघायचो.

किती जणांना किती

मुंबईत १८६५ साली काय झालं ते एकदा समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस बंद, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव. शहरात पैसा मावेना. समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, बॅकबेच्या शेअर्सवर सट्टा लागला. १८४० साली स्थापन झालेली, सरकारी भागीदारी असलेली बँक ऑफ बॉम्बे त्याच शेअर्सवर आणि नुसत्या हातचिठ्ठ्यांवर कर्जं देत सुटली. या कारभारावर शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांचं मोठं वजन होतं. युद्ध संपलं, भाव पडले, आणि १८६८ मध्ये ती बँक गुंडाळून त्याच नावाची नवी काढावी लागली. तेव्हा मध्यवर्ती बँकच नव्हती, कोण थांबवणार? १९१३ मध्ये मुंबईचीच इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात गेली.

पण २०१९ मध्ये तर सगळं होतं. कायदा होता, तपासणी होती, ऑडिट होतं. भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेने सुमारे ८,४०० कोटींच्या कर्जांपैकी ६,५०० कोटींच्या वर एचडीआयएल या एकाच बिल्डर समूहाला दिलेले निघाले. ती खाती लपवायला संगणकात २१,०४९ बनावट खाती तयार केलेली. २३ सप्टेंबर २०१९ च्या आदेशाने निर्बंध आले आणि ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत एक हजार रुपये काढायची परवानगी मिळाली. एक हजार.

त्या बँकेच्या मार्च २०१९ च्या अहवालात ढोबळ एनपीए ३.७६ टक्के आणि निव्वळ २.१९ टक्के होता. म्हणजे वर मी सांगितलेल्या चाळणीतून ती बँक आरामात पार पडली असती. हे मी मुद्दाम सांगते. हळूहळू आजारी पडणारी बँक अहवालातून ओळखता येते, खोटे हिशेब लिहिणारी येत नाही. म्हणून मी पाच लाखांचा हिशेब आधी सांगितला आणि टक्के नंतर.

तरीही काही तक्ते बघून ठेवा. 'सर्वांत मोठे वीस कर्जदार' या ओळीत त्यांच्याकडे एकूण कर्जाच्या किती टक्के आहेत ते असतं. मार्च २०२० पासून नागरी बँकेला एका कर्जदाराला टियर-१, म्हणजे स्वतःच्या मूळ भांडवलाच्या १५ टक्क्यांहून आणि एका समूहाला २५ टक्क्यांहून जास्त कर्ज देता येत नाही. 'सर्वांत मोठे वीस ठेवीदार' ही ओळही बघा, एखादा कारखाना आणि दोन ट्रस्ट मिळून तिसरा हिस्सा ठेवी असतील तर ते हलले की बँक हलते. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांकडची कर्जं वेगळी दाखवावी लागतात. २००३ पासून ती देण्यावर मनाई आहे, एफडी किंवा एलआयसी पॉलिसीच्या तारणावरची वगैरे सोडून. तो आकडा मोठा दिसला तर सभेत विचारा.

आणि इतर बँकांत ठेवलेल्या ठेवी. अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल बँकेने २००१ मध्ये शेअर दलाल केतन पारेखला पैसे पुरवले आणि ती बसली, तेव्हा गुजरातेतल्या कितीतरी लहान सहकारी बँकांच्या ठेवी तिच्यात अडकल्या. त्या बँकांच्या ठेवीदारांनी माधवपुराचं नावही ऐकलं नसेल.

रेपो रेटचा तुमच्या बँकेशी काय संबंध

थोडक्यात सांगते. प्रत्येक बँकेला ठेवींच्या १८ टक्के रक्कम बहुतांशी सरकारी रोख्यांत ठेवावी लागते, १९९१ च्या सुमारास हेच प्रमाण ३८.५ टक्के होतं. रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो; मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने तो ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. व्याजदर चढले की जुन्या रोख्यांची बाजारातली किंमत उतरते. अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक नेमकी यातच गेली: थकबाकी नव्हे, दीर्घ मुदतीचे रोखे आणि एकदम पैसे काढायला आलेले ठेवीदार. आपल्या अहवालात 'गुंतवणूक चढउतार निधी' म्हणून एक राखीव असतो, तो आहे का आणि गुंतवणुकीच्या मानाने किती आहे ते बघा.

दर उतरू लागले की दुसरीच गंमत. मोठ्या बँका ठेवींचे दर कमी करतात आणि एखादी लहान बँक जुनाच चढा दर चालू ठेवते, वर 'मर्यादित कालावधीसाठी' असा बोर्ड लावते. आजूबाजूच्या सहकारी बँकांपेक्षा अर्धा टक्का जास्त असेल तर ती स्पर्धा. दीड टक्का जास्त असेल तर तिला रोकड हवी आहे आणि दुसरीकडून मिळत नाही.

दंडाची बातमी आली तर घाबरू नका, पण वाचा. रिझर्व्ह बँक दर आठवड्याला कुणा ना कुणाला दंड करते, त्यात मोठ्या खासगी बँकाही असतात. केवायसी वेळेवर अद्ययावत केली नाही, या कारणाचा दंड मी सोडून देते. संचालकांच्या नातेवाइकांना कर्ज दिलं किंवा कर्जमर्यादा ओलांडली, या कारणाचा असेल तर रक्कम पन्नास हजार असली तरी मनात धरते.

आणि निर्बंध आलेच तर

व्यापारी बँकांचं वेगळं असतं. आमच्या साताऱ्याची, १९३६ सालची युनायटेड वेस्टर्न बँक २ सप्टेंबर २००६ ला मोरॅटोरियमखाली गेली, म्हणजे पैसे काढण्यावर मर्यादा आली, तेव्हा गाव हादरलं होतं. महिन्याभरात, ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली आणि ठेवीदारांचे पैसे शाबूत राहिले. २०२० मध्ये येस बँकेवरची मर्यादा पंधरवड्याच्या आत उठली. सहकारी बँकांच्या बाबतीत असं झटपट क्वचितच होतं. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षं ठेवीदार मुदतवाढीच्या बातम्या वाचत होते.

आता तेवढी वाट पाहावी लागत नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून कायद्यात बदल झाला आहे. पैसे काढण्यावर निर्बंध आले की ९० दिवसांत पाच लाखांपर्यंतची रक्कम विमा महामंडळाने द्यायची. त्यातले पहिले ४५ दिवस बँकेने ठेवीदारांची यादी तयार करण्याचे. विलीनीकरणाची शक्यता असेल तर रिझर्व्ह बँक ही मुदत आणखी ९० दिवस वाढवू शकते.

या ४५ दिवसांत तुम्ही करायचं काम आहे ते इच्छापत्र भरण्याचं, म्हणजे विम्याची रक्कम हवी आहे असं लिहून देण्याचं (मृत्युपत्र नव्हे). शाखेत फॉर्म मिळतो. सोबत केवायसी आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील द्या, आणि पोच घ्या. केवायसी अपुरी म्हणून माणसं मागे राहतात, त्यात म्हातारी माणसं जास्त. खातेदार वारला असेल आणि वारसनोंद नसेल तर आणखी अडचण. त्यामुळे आज सगळं ठीक असतानाच नॉमिनी आणि मोबाइल नंबर तपासून घ्या.

पाच लाखांवरची रक्कम विलीनीकरणाच्या योजनेवर किंवा अवसायकाच्या, म्हणजे बंद बँकेचा कारभार गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, वसुलीवर अवलंबून. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत गेली, तेव्हा मोठ्या ठेवींचे पैसे टप्प्याटप्प्याने, शेवटचे दहा वर्षांनी मिळणार असं ठरलं. संस्थांच्या विमा नसलेल्या ठेवींपैकी ८० टक्क्यांचे तर प्रेफरन्स शेअर्स करून दिले. गृहनिर्माण सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी हे वाक्य दोनदा वाचावं: शंभर सभासदांची सोसायटी विम्याच्या हिशेबात एकच ठेवीदार असते, आणि इमारतीचा अख्खा दुरुस्ती निधी एका बँकेत ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

निर्बंध आलेल्या बँकेत तुमचं कर्ज असेल तर हप्ते थांबवू नका, क्रेडिट रेकॉर्ड खराब होईल. ठेव आणि कर्ज दोन्ही असतील तर आदेशात वजावटीची सोय आहे का ते वाचा, बहुधा असते, आणि शाखेत तसा लेखी अर्ज द्या. पगार, पेन्शन, वीजबिलाचं ऑटो-डेबिट त्या खात्यावर असेल तर त्याच दिवशी दुसरीकडे वळवा, नाहीतर चेक परत गेल्याचा भुर्दंड तुम्हालाच बसेल.